गाडीला सुपरचार्जर बसवायचा? आधी हवा, ऑइल आणि उष्णतेचा हिशोब

मार्चमध्ये धुळ्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे काका. त्यांची एक जुनी डिझेल पिकअप आहे. चोपड्याकडून केळीचे कॅरेट भरायचे आणि धुळ्याला, नाहीतर पुढे मालेगाव-नाशिकला उतरवायचे, हा त्यांचा धंदा. गाडीला कंपनीचा टर्बो नव्हता. भरलेली गाडी लळिंगच्या घाटात दुसऱ्या गिअरवर यायची आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. म्हणून मागच्या वर्षी नानांनी भंगार बाजारातून एक टर्बो आणून बसवून घेतला. पहिले काही महिने मजेत गेले. "गाडी आते घाटमा बी पयस!" असं ते सगळ्या नातेवाइकांना सांगत होते.

आठ महिन्यांत तो टर्बो गेला. मिस्तरीने दुसरा बसवला. तो तीन आठवड्यांत गेला. आता तिसरा घ्यायचा की नाही, हे त्यांना मला विचारायचं होतं. "तू ऑइलवरच शिकतेस ना बेटा? मग सांग."

खरं तर मी मेकॅनिक नाही. मी जळगावला रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि माझा विषय आहे वापरलेलं इंजिन ऑइल: ते कसं बिघडतं, का बिघडतं आणि बिघडलेल्या ऑइलवरून इंजिनच्या आत काय चाललंय हे ओळखता येतं का. पण नानांचा प्रश्न नेमका माझ्याच टेबलावरचा निघाला. असे प्रश्न मला बऱ्याच जणांकडून येतात. कुणाला जीपला टर्बो लावायचाय, कुणी व्हिडिओत पाहून कारला सुपरचार्जर लावायचं म्हणतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

सुपरचार्जर आणि टर्बो: घरातले दोन भाऊ

इंजिन हवा ओढतं, तिच्यात इंधन जाळतं आणि ताकद देतं. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते, म्हणजे दहा हजार लिटरहून जास्त. त्यामुळे इंजिनची ताकद वाढवायची तर नुसतं डिझेल वाढवून भागत नाही, हवाही वाढवावी लागते. हवा दाबून इंजिनमध्ये कोंबणारं यंत्र म्हणजे सुपरचार्जर. हा पंप इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. टर्बो तेच काम करतो, पण सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पात्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाड्या नव्हत्याच. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरने इंजिनात हवा दाबून भरण्याचं पेटंट घेतलं. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने धुरावर चालणाऱ्या टर्बोचं. आपल्याकडे ट्रकांच्या दुनियेत टर्बोच जिंकला. धुळ्याहून आग्रा रोडने निघून इंदूर ओलांडलं की देवास लागतं. तिथे होल्सेट टर्बो बनतात आणि याच रस्त्यावरून पळणाऱ्या ट्रकांना लागतात.

सुपरचार्जर का मागे पडला, ते आकड्यांत बघू. अडीच लिटरचं इंजिन ३००० आरपीएमवर चालतंय आणि आपल्याला ०.७ बार जास्तीचा दाब द्यायचाय असं धरा. नुसती ती हवा दाबायला साधारण ६ किलोवॅट, म्हणजे ८ हॉर्सपॉवर लागतात. सुपरचार्जर हे पट्ट्यावरून थेट इंजिनकडून घेतो. टर्बो मात्र बराचसा भाग वाया जाणाऱ्या धुरातून काढतो. सुपरचार्जरचा फायदा एकच, पण मोठा: पाय दाबताच जोर मिळतो. टर्बोला धूर वाढून चक्र वेगात येईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. दिवसभर ओझं ओढणाऱ्या गाडीला तो क्षण चालतो, डिझेलचा खर्च चालत नाही.

देखभालीच्या बाबतीत मात्र दोघांचे शत्रू सारखेच: उष्णता, धूळ आणि खराब ऑइल. आणि आपला खानदेश यातल्या पहिल्या दोघांचं माहेरच आहे.

पहिला शत्रू: उष्णता

सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, हे लहानपणी सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. आता जळगावचा मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ही हवा आधीच साधारण ६ टक्के विरळ असते, म्हणजे साध्या इंजिनलाही उन्हाळ्यात कमी हवा मिळते. "उन्हात गाडी ओढत नाही" हे ड्रायव्हरचं म्हणणं भ्रम नाही.

हीच ४५ अंशांची हवा ०.७ बारने दाबली तर ती जवळपास १२० अंशांवर जाते (कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली आहे). दाब वाढला ७० टक्के, पण गरम हवा फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात इंजिनला मिळणारी हवा वाढते फक्त ३८ टक्के. मध्ये इंटरकूलर बसवून ती ६५ अंशांपर्यंत गार केली तर हीच वाढ ६० टक्क्यांवर जाते. इतका फरक एका जाळीचा!

नानांच्या गाडीला इंटरकूलर नव्हता. "जागा नव्हती," मिस्तरी म्हणाला होता. म्हणजे टर्बोच्या ताकदीतला मोठा हिस्सा पहिल्याच पायरीवर गेला आणि उरलेली गरम हवा पिस्टनच्या डोक्यावर बसली. तुमच्या गाडीला इंटरकूलर असेल तर एवढंच करा: महिन्यातून एकदा त्याची जाळी बाहेरून धुवा. पाण्याची धार हलकी ठेवा, नाहीतर पात्या वाकतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याला जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत रुई आणि धूळ मिळून गोधडी तयार होते. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीतही बघा, कचरा तिथे लपतो.

दुसरा शत्रू: धूळ

अडीच लिटरचं इंजिन ३००० आरपीएमवर मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. टर्बो किंवा सुपरचार्जर लावला की त्याहून जास्त. आपल्या रस्त्यांवर ही हवा कशी असते ते सांगायला नको. शेतातून केळी काढून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतच गाडी मातीने न्हाऊन निघते.

टर्बोचं हवेकडचं चक्र मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतं. त्या वेगात वाळूचा कण म्हणजे छर्राच. पात्यांच्या कडा झिजतात, चक्राचा तोल जातो आणि मग बेअरिंग खलास. सुपरचार्जरमध्ये दोन रोटर एकमेकांना न शिवता, अगदी बारीक फट ठेवून फिरतात. धूळ गेली की ती फट वाढते आणि दाब गळतो.

इथे एक गोष्ट लोक उलटी करतात. फिल्टर चोंदला तर "थोडा चालेल अजून" म्हणतात. चोंदलेल्या फिल्टरच्या पलीकडे हवेचा दाब खूप कमी होतो आणि टर्बो आपल्याच बेअरिंगमधलं ऑइल सीलमधून हवेच्या बाजूला ओढून घेतो. पाइपात ऑइल दिसलं की मिस्तरी म्हणतो सील गेलं, टर्बो बदला. कधीकधी दोष असतो फक्त फिल्टरचा. दुसरी चूक म्हणजे कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झटकणे. कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि त्यानंतर तो फिल्टर फक्त नावाला असतो. खराब झाला की बदला. आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतचे रबरी पाइप, क्लिपा हाताने दाबून बघा. फिल्टरच्या पुढे फट असेल तर फिल्टर कितीही महाग असून उपयोग नाही.

तिसरा शत्रू: ऑइल, म्हणजे माझा प्रांत

टर्बोच्या दांड्याला बॉल बेअरिंग नसतं (बहुतेक साध्या टर्बोंत तरी). दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्या थराची जाडी केसाहून कमी असते. एका टोकाला सहाशे-सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या टोकाला हवा आणि मध्ये हा थर. ऑइल काही सेकंद जरी पोचलं नाही, तरी धातूवर धातू घासतो.

आता माझ्या कामाकडे येते. वापरलेल्या ऑइलचा एक थेंब इन्फ्रारेड यंत्रात ठेवला की कुठली किरणं तो शोषतो याचा आलेख मिळतो. ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून बिघडलं असेल तर १७०० ते १७५० च्या पट्ट्यात एक टेकडी उभी राहते (ही किरणांची एक मोजपट्टी समजा). काजळी वाढली असेल तर सगळ्या आलेखाची पातळीच वर सरकते. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. टर्बो लावल्याने ऑइल नेहमीपेक्षा वीस अंश जास्त तापत असेल, तर ते चौपट वेगाने म्हातारं होतं. म्हणून टर्बो बाहेरून लावलेल्या गाडीत ऑइल बदलायचा जुना किलोमीटरचा आकडा विसरा. मी तरी निम्म्यावर आणा म्हणेन. सुटं ऑइल घेऊ नका, डब्यावर डिझेल इंजिनचा सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जा बघून घ्या.

मी नानांना सांगितलं, गाडीतलं थोडं ऑइल आणि दोन्ही मेलेले टर्बो पाठवा. एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पिशवी आली. ऑइल हेक्झेनमध्ये पातळ करून गाळलं आणि गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तीन गोष्टी दिसल्या. काळी काजळी, ती अपेक्षितच होती. पारदर्शक, टोकदार वाळूचे कण, म्हणजे हवेच्या वाटेत कुठेतरी फट होती. आणि पिवळसर चमकणारे धातूचे कण, म्हणजे टर्बोच्या पितळी बुशिंगचा चुरा.

आलेखात काजळी खूप होती. पण खरा उलगडा झाला तो टर्बो बघून. दोन्हींच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कोळशासारखं बसलं होतं. दोन वेगळे टर्बो, एकच आजार. याचा अर्थ दोष टर्बोत नव्हता. मी नानांना म्हटलं, गाडीखाली जाऊन टर्बोला ऑइल नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या पाइपांचे फोटो काढा.

फोटो आले. ऑइल नेणारा पाइप ऑइल प्रेशरच्या सेन्सरजवळून फाटा काढून लावलेला, तांब्याचा, बारीक आणि एका ठिकाणी दबलेला. परत येणारा पाइप तर आधी खाली, मग वर चढून चेंबरमध्ये गेलेला. टर्बोमधून ऑइल परत येतं ते फक्त उताराने, त्यामागे दाब नसतो. म्हणून तो पाइप जाड हवा, सरळ उताराचा हवा आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवा. नानांच्या पाइपात ऑइल साठून राहायचं, तापायचं, जळायचं. सील तिथूनच गळायचं. पहिला टर्बो आठ महिने टिकला, कारण तेव्हा पाइप स्वच्छ होता. दुसऱ्याला कोळशाने अर्धा भरलेला पाइप मिळाला.

एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल: टर्बो गेला तर आधी तो का गेला ते शोधा, मग नवा लावा.

आणि हो, गाडी बंद करण्याआधी एक-दोन मिनिटं तिला रिकामी चालू द्या. घाट चढून ढाब्यावर थांबलात आणि लगेच चावी फिरवलीत, तर ऑइलचा पंप बंद होतो, पण तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच भाजतं. सकाळी सुरू केल्यावरही लगेच रेस देऊ नका.

पंपाचा स्क्रू आणि काळा धूर

टर्बो लावला की मिस्तरी डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. वाढलेल्या हवेला वाढलेलं डिझेल, हे तत्त्व बरोबर आहे. पण किती, हे कानाने आणि धुराच्या रंगाने ठरतं. जास्त झालं की धूर काळा, सायलेन्सर लाल आणि पिस्टनवर उष्णतेचा मारा. कंपनी टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा पिस्टन वेगळे असतात, खालून त्यांच्यावर ऑइलचा फवारा असतो, कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं, हेडचं पॅकिंग मजबूत असतं. बाहेरून टर्बो लावताना यातलं काहीच बदलत नाही. जुन्या इंजिनच्या राखीव ताकदीतून आपण उसनं घेत असतो.

सुपरचार्जर असेल तर

ज्यांच्याकडे खरोखरच पट्ट्यावरचा सुपरचार्जर आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. पट्ट्याला तडे, चकाकी किंवा चिरचिर आवाज आला की बदला. पट्टा सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. बऱ्याच सुपरचार्जरला गिअरचं स्वतःचं वेगळं ऑइल असतं, ते इंजिनचं ऑइल बदलताना बदललं जात नाही. त्याची पातळी इंजिन थंड असताना बघा. पेट्रोल गाडीत एक धोका जास्त आहे: गरम, दाबलेल्या हवेने पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोकतं. तो टणटण आवाज ऐकू आला की पाय उचला. कमी दर्जाचं पेट्रोल आणि मे महिना यांची जोडी पिस्टनला भोक पाडू शकते.

जीवाशी येणारी गोष्ट

सील फुटून टर्बोतलं ऑइल हवेच्या पाइपात गेलं, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. असं झालं तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. नाही पडलं तर उतरून लांब व्हा. हवेच्या पाइपाच्या तोंडावर हात किंवा कपडा अजिबात लावू नका. निळा धूर, ऑइल कमी होणं, शिट्टीचा आवाज बदलणं या आधीच्या खुणा आहेत. इंजिन थंड आणि बंद असताना पाइप काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून बघा. किंचित हलणं चालतं, पण चक्र बाजूच्या भिंतीला घासत असेल तर गाडी तिथेच थांबवा.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या मान्यताप्राप्त गोष्टींची वेगळी सोय आहे. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाचं कारण दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते. धंद्याच्या गाडीला हा धोका टर्बोच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

नानांनी काय केलं

मी त्यांना तिसरा टर्बो घ्या किंवा घेऊ नका असं सांगितलं नाही, हिशोब सांगितला. पाइप नवे, इंटरकूलर, पंपाचं सेटिंग, त्यावर वाळूने घासलेले लायनर, शिवाय कागदपत्रांचा प्रश्न. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी दोनदा चुकीच्या रोगाचं औषध केलं."

एप्रिलमध्ये त्यांनी टर्बो काढून टाकला, पंप मूळ सेटिंगवर आणला, हवेचे सगळे रबरी पाइप बदलले आणि इंजिन फ्लश करून नवं ऑइल भरलं. आता गाडीत दहा कॅरेट कमी भरतात. लळिंगच्या घाटात गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर येते आणि मागचे हॉर्न वाजवतात. नाना दर महिन्याला ऑइलची छोटी बाटली मला पाठवतात. मागच्या दोन बाटल्यांत पिवळे कण नव्हते. वाळूचे थोडे होते. एक क्लिप अजून सैल असावी, त्यांना सांगितलंय.